धुरपाबाईचं पानी

एकदा एका गावात चैत्रातच असं ऊन तापलं, की सकाळीच कौलं तडतडू लागली आणि वाऱ्याबरोबर तोंडावर फुफाटा येऊ लागला. त्या दिवशी गावातल्या एका धनिक व्यापाऱ्याच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. सभागृहासमोर त्यानं विहीरही खणली होती, आणि तिला दैवकृपेनं चांगले झरे लागले होते.

त्या गावात एक वृद्ध गायनबुवा राहत. एकट्यानं मैफल गाजवण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. पण त्यांनी आयुष्य वेचलं ते लोकांना मिळून गायला शिकवण्यात. कोष्ट्यांच्या सुना, बेलदारांच्या लेकी, सुतार, शेतावर खुरपायला जाणारी धुरपाबाई, जो येईल त्याला ते बसवून घेत. वर्ग भरायचा गोठ्याच्या पडवीत. व्यापारी म्हणाला होता, "उद्घाटनाला चांगलं गा, सभागृह कायमचं तुमच्या वर्गाला."

गाणं बसवायचं काम बुवांनी आपल्या शिष्याकडे दिलं होतं. शिष्य गुणी, पण घाईचा. त्यानं विहिरीवर पद रचलं : माय विहिरी, पाणी दे. आदल्या दिवशी व्यापारी तालीम ऐकायला आला आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, "मास्तर, एक सूर, एक ताल, एक उच्चार! शहरातून पाहुणे येणार. पानी-फानी ऐकू आलं तर माझी शोभा होईल."

धुरपाबाईच्या तोंडात पानीच होतं. शिष्यानं तिच्याकडून घोकून घेतलं, जीभ कुठं टेकवायची ते दाखवलं. शेवटी कंटाळून म्हणाला, "बाई, तुम्ही मागं उभ्या राहा, नुसते ओठ हलवा."

"नुस्ते व्हट?" धुरपाबाई म्हणाली. "मास्तर, मग माझ्या जागी बुजगावनंच हुबं करा की! ते उनातान्हात कवा तक्रार बी करत न्हाई."

सगळे हसले. ती मात्र हसली नाही. पदर सावरून निघून गेली.

शिष्यानं घडलं ते बुवांना सांगितलं. "सूर खणखणीत आहे हो तिचा, पण शब्द..."

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या तिला बोलावणं धाड. आणि गाणं मी उचलतो."

शिष्याला हायसं वाटलं. बुवांचे उच्चार शास्त्री-पंडितांनीही वाखाणलेले होते.

उद्घाटनाला सभागृह गच्च भरलं. धुरपाबाई आली होती. मागच्या रांगेत, ओठ मिटून. बुवांनी डोळे मिटले, षड्ज लावला आणि खड्या आवाजात गायले :

"माय विहिरी, पानी दे..."

शिष्याला वाटलं, वय झालं, जीभ घसरली. बुवा पुन्हा गायले. पुन्हा पानी. व्यापारी पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात ओरडला, "बुवा, पाणी! पाणी!"

ते ऐकून त्याचा दिवाणजी धावला, आणि बुवांना तहान लागली समजून पाहुण्यांसाठी ठेवलेला चांदीचा तांब्या घेऊन आला. सभेत खसखस पिकली. बुवांनी तांब्या घेतला, शांतपणे मागच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि तो धुरपाबाईच्या हाती दिला.

"घ्या बाई. गळा ओला करा, आणि उचला."

ती प्याली. मग तिनं जो सूर उचलला, त्यानं बसलेली माणसं सावरून बसली. तिच्यामागून सगळे गाऊ लागले. कुणाचं पाणी, कुणाचं पानी, आणि सूर एकच.

व्यापारी लाल झाला. "इथं हेच गायचं असेल तर सभागृहाची आशा सोडा!"

"सोडली," बुवा म्हणाले. "भिंती तुमच्या आहेत शेठ, गळे आमचे आहेत. चला रे!"

आणि सगळे गातगातच उन्हात बाहेर पडले.

पडवीत पोचल्यावर शिष्य व्याकूळ होऊन म्हणाला, "बुवा, एका अक्षरासाठी हक्काची जागा घालवलीत?"

बुवा म्हणाले, "अरे, सूर चुकला असता तर मीच तिला थांबवलं असतं. तिचा सूर चुकला नव्हता. आपला कान आखूड पडला होता. मिळून गायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच्या तोंडानं गायचं, असं नव्हे. तिला 'ण' जरूर शिकव, पण आईनं दिलेला 'न' काढून घेऊ नको. पाण्यापासून माणसं लांब ठेवायची रीत आपल्याकडं जुनी आहे, बाळ. आता पाणी या शब्दापासूनही ठेवायची? ज्या छपराखाली ती मुकी, त्या छपराखाली मी गाणार नाही."

शिष्य मग उठला आणि धुरपाबाईसमोर मांडी घालून म्हणाला, "बाई, कापणीला तुम्ही सगळ्या मिळून भलरी म्हणता ना, ती शिकवा. आपण ती वर्गात घेऊ."

"शिकवते," ती म्हणाली. "पर तुमी आधी नुस्ते व्हट हलवा!"

आता मात्र सगळ्यांच्या आधी तीच हसली.

उन्हं कलल्यावर बुवा घरी परतले. शेजारचा तांबोळी कुंपणापाशी त्यांची वाटच पाहत उभा होता. इतक्या वर्षांत त्यानं गाण्याचा विषय कधी काढला नव्हता. तो म्हणाला, "बुवा, उद्यापासनं आमच्या सुनंला धाडतो. आवाज लई मोठा हाय तिचा, आधीच सांगून ठिवतो."