भिंतीपलीकडची गाडी

एका शहरात भागवत गांगुर्डे नावाचा एक टॅक्सीवाला होता. टॅक्सीवाला म्हणून तो अगदी नवा होता. आधी तो नटबोल्टच्या कारखान्यात मशीनपुढे उभा राहायचा. कारखाना बंद पडला, तेव्हा त्याने एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि लोक मोबाईलवरून बोलावतात तसली टॅक्सी चालवू लागला.

त्याला वाटले होते, आता उभे राहणे संपले. बसून काम करायचे. बसून माणूस कसला थकतो? पण थोड्याच दिवसांत त्याला कळले की बसूनही माणूस थकतो. तो थकवा कंबरेत असतो, डोळ्यांत असतो आणि कानांत तर असतोच. दिवसभर फोनमधली बाई सांगायची, "उजवीकडे वळा. डावीकडे वळा." घरी बायको नुसते "जेवायला बसा" म्हणाली तरी त्याला वाटायचे, आता ही कुठे वळायला सांगते?

लोक गाडीत बसत आणि उतरून जात. कोणी दार आपटी. कोणी मागे बसून फोनवर भांडे आणि उतरताना त्याच रागाने भागवतकडे बघे. कोणी गाडी बोलावून आंघोळीला जाई आणि भागवत फाटकाशी ताटकळत राही. प्रवास संपला की लोक फोनवरच त्याला तारे देत. तारे कमी झाले आणि तक्रारी वाढल्या, की कंपनी टॅक्सीवाल्याचे काम बंद करी. भागवतच्या नावावर आधीच दोन तक्रारी होत्या. एक रस्ता चुकल्याची, दुसरी एसी न लावल्याची. एसी त्या दिवशी बिघडला होता, पण ते ऐकून घ्यायला कोणी नव्हते. आता तिसरी तक्रार आली की काम बंद, हे त्याला ठाऊक होते.

शहरात उषःकाल नावाची एक सोसायटी होती. तिच्या मागच्या बाजूला चहाची टपरी होती. तिथे टॅक्सीवाले जमत. त्यांच्यात जालिंदर नावाचा एक मुरलेला ड्रायव्हर होता. सगळे त्याला नाना म्हणत. एके सकाळी भागवत टपरीवर आला आणि चहा सांगायच्या आधीच बाकावर डोळे मिटून बसला.

"काय रे भागवत," नाना म्हणाला, "तू गाडी चालवतोस की गाडी तुला?"

"पहाटे स्टेशनपासून सुरू आहे, नाना. चहाला थांबावं तर फोन वाजतो."

"मग वाजू दे की. तुला एक युक्ती सांगतो." नानाने समोरच्या उंच भिंतीकडे बोट दाखवले. "ह्या भिंतीपलीकडं उषःकाल सोसायटी. फाटक पार तिकडच्या अंगाला. गाडीनं जायचं तर मोठा वळसा. पण फोनच्या नकाशाला भिंत कळत नाही. त्याला वाटतं, तू दारातच उभा आहेस. सोसायटीतलं भाडं लागलं की इथूनच 'पोहोचलो' दाबायचं. त्यांना निरोप जातो, गाडी आली. ते जिने उतरेपर्यंत चहा पिऊन, वळसा घालून तू हजर."

"पण हे खोटं झालं ना?"

"अन् ते 'आलोच' म्हणून आंघोळीला जातात, ते खरं का?"

सगळे हसले. भागवतही हसला. दुसऱ्याच दिवशी त्याने ती युक्ती करून पाहिली. काही बिघडले नाही. पुन्हा केली. तेव्हाही काही बिघडले नाही. मग ती युक्ती आहे हेसुद्धा तो विसरून गेला. सोसायटीतून बोलावणे आले की त्याचे बोट आपोआप 'पोहोचलो'वर जाई आणि दुसऱ्या हातात चहाचा ग्लास असे.

त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर इंदुमती आणि वामनराव कुलथे हे म्हातारे जोडपे राहत होते. वामनरावांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. त्यांचे उजवे अंग हलत नसे आणि तोंडातून शब्द एकेक करून, अडखळत येत. दर मंगळवारी त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावे लागे. इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हणून समोरच्या घरातले निकुंभ सर आणि तळमजल्यावरचा सोपान हे दोघे त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून खाली आणत आणि गाडीत बसवत. दोघांनाही कामावर जायची घाई असे. त्यामुळे एक गोष्ट ठरलेली होती. फोनवर 'गाडी आली' असा निरोप आल्याशिवाय खुर्ची उचलायची नाही.

एका मंगळवारी इंदुमतीबाईंचे बोलावणे भागवतच्या फोनवर आले. दिवस कडक उन्हाचे होते. भागवत टपरीवर बसला होता. त्याने 'पोहोचलो' दाबले आणि चहा पीत राहिला. चहा संपला तरी तो लगेच उठला नाही. बाकावर सावली होती आणि पाय उचलावेसे वाटत नव्हते.

शेवटी तो निघाला. वळशाच्या गल्लीत पाण्याचा एक टँकर मागे घेताना अडकला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या. भागवतला ना पुढे जाता येईना ना मागे. तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊ, गाडी कुठे उभी केलीत? आम्ही फाटकाशी आलोय."

एवढ्यात टँकर हलेलच, असे भागवतला वाटले. खरे सांगायचे तर सगळेच सांगावे लागले असते. आणि तेवढे बोलायचेही त्याला त्राण नव्हते.

"फाटकावरच आहे, आजी. बघा जरा नीट," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

टँकर हलला नाही. बऱ्याच वेळाने वाट मोकळी झाली आणि भागवत सोसायटीच्या फाटकाशी पोहोचला. तिथे भर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या डोक्यावर ओला पंचा टाकलेला होता. आजूबाजूला कोणी नव्हते. निकुंभ सरांची बस चुकली असती आणि सोपानला साहेबाने फोन केला होता. गाडी तर आलेलीच आहे, ड्रायव्हर मदत करील, असे म्हणून दोघे नाइलाजाने निघून गेले होते.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक म्हातारी बाई डोक्यावर पदर धरून घाईघाईने येत होती. ती गाडीशी पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"सापडलात बाई एकदाचे!" इंदुमतीबाई म्हणाल्या. "रागावू नका हं भाऊ. तुम्हाला किती ताटकळत ठेवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बघून आले, पण मला काही गाडी दिसेना. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय."

भागवत गाडीतून उतरला. त्याने वाकून वामनरावांना उचलले. अंगाची जी बाजू चालत नाही तिला स्वतःचा तोल नसतो. ती नुसती खाली खेचते. त्यांचा हात त्याच्या पाठीवर लोंबत राहिला. त्यांना मागच्या सीटवर बसवेपर्यंत भागवतच्या कंबरेतून कळ गेली. त्याने खुर्ची फाटकाच्या आत ठेवली आणि गाडी सुरू केली.

थोडे पुढे गेल्यावर वामनराव म्हणाले, "गाडी... नव्हती."

"होती हो," इंदुमतीबाई म्हणाल्या. "फोनवर आलं होतं ना, गाडी आली म्हणून. भाऊही म्हणाले, फाटकावरच आहे."

"नव्हती. मी... बघत... होतो."

"बरं, बरं. दमला आहात तुम्ही. डोळे मिटून पडा."

वामनरावांनी डावी मूठ सीटवर आपटली. "नव्हती!"

इंदुमतीबाई पुढे झुकल्या आणि हलक्या आवाजात भागवतला म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. आजारापासून थोडं असं होतंय. परवा म्हणाले, दूधवाला आलाच नाही. मी म्हटलं, आला असेल. आज डॉक्टरांना सांगणार आहे मी, की डोक्याचंही काही औषध असलं तर द्या."

त्या हलक्या आवाजात बोलल्या, पण गाडी लहान होती. भागवतने आरशात पाहिले. वामनरावांनी सगळे ऐकले होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

भागवतला वाटले, गप्प बसावे. दवाखाना जवळच आला होता. ही माणसे उतरतील, निघून जातील. बोललो तर तिसरी तक्रार. मग काम बंद. पुन्हा कुठल्या दारात जाऊन उभे राहायचे? आणि म्हाताऱ्या माणसाचे एवढे काय, डॉक्टर देतील एखादी गोळी.

मागून वामनरावांचा आवाज आला. आता तो अगदी बारीक होता.

"असेल... गाडी. मलाच... दिसली नसेल."

भागवतने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. तो मागे वळला.

"बाबा, तुम्हाला बरोबर दिसलं. गाडी नव्हती. मी भिंतीच्या मागे टपरीवर चहा पीत होतो. तिथूनच 'आलो' म्हणून दाबलं. फोनवर बोललो तेव्हाही मी फाटकावर नव्हतो. गल्लीत अडकलो होतो."



"मी उन्हात दोनदा शोधून आले," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"हो, आजी."

"हे उन्हात बसून होते. शेजारची दोघं बिचारी यांना तीन मजले उचलून उतरली, आणि गाडी दिसेना तेव्हा जीव अडकवून कामावर गेली. का केलंत असं?"

"दमलो होतो."

"आणि आम्ही काय महाबळेश्वरहून आलोय?"

भागवतने मान खाली घातली. वामनराव मात्र हसत होते. त्यांचे हसू तोंडाच्या एकाच बाजूला येई. ते बायकोकडे बघून म्हणाले, "म्हटलं... होतं."

इंदुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी पदराने त्यांच्या मानेवरचा घाम पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

"आणि तो दूधवाला?" त्यांनी विचारले.

"नव्हता... आला."

"मग मी चहात दूध कमी कसं काय पडलं म्हणून दिवसभर डोकं खाजवलं!"

दवाखान्यात त्यांची वेळ होऊन गेली होती. दुसरे पेशंट आत गेले होते. भागवतने वामनरावांना उचलून बाकावर बसवले, आणि नंबर लागला तेव्हा उचलून आत नेले. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. हात किती उचलतो, झोप लागते का. मग त्यांनी विचारले, "आणि आजी, घरी काही गोंधळ उडतो का यांचा? काहीतरी भलतंच दिसतं, असं होतं का?"

भागवत दाराशी उभा होता.

"नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "त्यांना सगळं नीट दिसतं. मी ऐकत नव्हते."

भागवत बाहेर येऊन बाकावर बसला. व्यायाम झाल्यावर त्याने वामनरावांना पुन्हा उचलून बाकावर आणून बसवले. इंदुमतीबाई औषधांच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोबाईल नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. फोन विचारत होता, तुमचा प्रवास कसा झाला?

"तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "बघणारे तुम्ही होता."

वामनरावांनी डाव्या हाताचे बोट पुढे नेले आणि एकच तारा दाबला. त्याखाली तक्रारीची चौकट होती, 'गाडी वेळेवर आली नाही'. त्यावरही बोट टेकवले. ते भागवतकडे बघून म्हणाले, "खरं... ते... खरं."

"बरोबर आहे, बाबा," भागवत म्हणाला.

तो पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसला. लवकरच कंपनीचा निरोप आला. काम तूर्त बंद. चौकशी झाल्यावर कळवू. चौकशीला किती दिवस लागतील हे त्यात लिहिले नव्हते. भागवतने तो निरोप पुन्हा वाचला. आता कुठे वळायचे हे सांगायला कोणी नव्हते. घरी बायकोला काय सांगायचे याचा विचार करता करता त्याने सीट मागे केली, आणि विचार अर्धा राहिला. त्याला झोप लागली.

काचेवर टकटक झाली. बाहेर इंदुमतीबाई होत्या. मागे दवाखान्याच्या चाकाच्या खुर्चीत वामनराव बसले होते.

"घरी सोडता का?"

"आजी, माझं काम बंद केलंय त्यांनी. तुमच्या फोनवर आता माझी गाडी येणार नाही."

"फोनवर कशाला यायला हवी? समोर उभी आहे की. आणि वर तीन मजले यांना उचलणार कोण? ती दोघं संध्याकाळशिवाय यायची नाहीत."

"बाबांनी आत्ताच एक तारा दिलाय मला."

"तो सकाळचा दिलाय," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि मागचे दार उघडून उभ्या राहिल्या.

भागवत उतरला. त्याची कंबर अजून ठणकत होती. त्याने वाकून वामनरावांचा लोंबता हात आधी आपल्या खांद्यावर नीट घेतला, मग त्यांना उचलले.

तात्पर्य: दमलेल्या माणसाचे खोटेही खोटेच असते, आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी खरे हिरावून घेते. ते खरे ज्याचे त्याला परत करावे, मग ते कितीही महाग पडो.