गेटवरचा फ्लेक्स

बारावीला जिल्ह्यात पहिली आलेली वनिता हुलगे दादासाहेबांच्या केबिनमध्ये शिरली आणि टेबलापासून चार हात लांबच उभी राहिली. संस्थेचे हे अध्यक्ष नुसते खाकरले तरी प्राध्यापक उठून उभे राहत.

"सर, तुम्ही निम्मी फी माफ केलीत, पण उरलेली घरच्यांना झेपत नाही. लातूरचं एक कॉलेज सगळी माफ करतंय. पण प्रयोगशाळा इथली चांगली आहे, मला इथंच शिकायचंय. सवलत वाढवून मिळाली तर..."

"मला धमकी देतेस?" दादासाहेब कडाडले. "निम्म्याच्या वर एक पैसा मिळणार नाही. जा लातूरला!"

वनिता दाराकडे वळणार, एवढ्यात खिडकीतून तिला गेटवरचा फ्लेक्स दिसला. 'जिल्ह्यात पहिली, आमच्याच महाविद्यालयात!' खाली तिचा फोटो, आणि शेजारी दुप्पट मोठा दादासाहेबांचा.

"सर," तिचा आवाज कापत होता, "फी निम्मी माफ, तर फ्लेक्सवर माझा चेहराही निम्माच ठेवा. तुमचा मात्र पूर्ण राहू द्या."

दादासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आपल्या हसऱ्या चेहऱ्याशेजारी त्यांना एका डोळ्याची मुलगी दिसू लागली. त्यांनी दाणकन घंटी दाबली. आता शिपाई आपल्याला बाहेर काढणार, म्हणून वनितानं डोळे गच्च मिटले.

"हिची पूर्ण फी माफ करा," दादासाहेब आत आलेल्या क्लार्कवर गुरगुरले, "आणि त्या फ्लेक्सला कुणी हात लावायचा नाही!"

बाहेर येताच वनिता गेटपाशी मटकन खाली बसली. वर फ्लेक्समधली वनिता मात्र खुशाल हसत होती.