उशाखालची भाकर

“कोणासाठी ठेवली होती ही?”

गिरजाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तरी कांचननं मान वर केली नाही. नजर समोरच्या फडक्यावर. फडक्यात वाळून पापुद्रे सुटलेले भाकरीचे तुकडे, त्यांवर मुंग्यांची रांग.

पूर्णेच्या काठावरचा हा मठ. थोरल्या गिरजाई आणि चार-पाच साध्वी, एक पत्र्याची ओसरी, एक कडुनिंब. सकाळी गावात झोळी फिरायची, दुपारी जेवणं व्हायची, आणि उरलंसुरलं दिवस मावळायच्या आत गाईला, नाहीतर नदीतल्या माशांना. उद्यासाठी काही ठेवायचं नाही, हा इथला नियम. मीठसुद्धा रोजचं रोज मागून आणायचं.

आणि परवा जिला दीक्षा घ्यायची, त्या कांचनच्या वळकटीतून हे निघालं होतं.

“मी आपली अंथरुणं उन्हात घालत होते,” सुंदराबाई म्हणाल्या. गिरजाईंच्या खालोखाल मठातल्या त्याच जुन्या. “मले वाटलं, उंदीर आहे. झाडू घेऊन टपून बसले. पाहते तर उंदीर बी. ए. झालेला.”

कांचनला हसू आलं नाही. आता जा म्हणतील. जायचं कुठं?

“राहून गेली असेल, आई. विसरले मी.”

“हं…”

“खरंच. त्या सगळ्यातून मी बाहेर आलेय. म्हणून तर दीक्षा मागते. काल कविता नाही का वाचून दाखवली?”

दाखवली होती. इथंच, ओसरीवर. सगळ्याजणी पदरानं डोळे पुसत होत्या, आणि कांचनची मान तेवढी ताठ होती.

“पुन्हा म्हण.”

“आत्ता?”

“आत्ता.”

कांचननं सुरुवात केली. पाठच होती.

“आमच्या घरात चूल होती,
तिच्यात मांजर निजायचं.
मार तेवढा ताजा मिळायचा,
रोजचा रोज.

आता भूक मला ओळखत नाही.
समोरून जाते,
मान खाली घालून.”

काल हीच शेवटची ओळ कशी ठणठणीत निघाली होती. आज तिच्या मध्येच आवाज चिरकला.

फडकं जवळ ओढावं म्हणून गिरजाईंनी हात पुढे केला…

कांचनचं कोपर झटकन वर गेलं. तोंडाच्या आड.

सुंदराबाईंनी हातातला झाडू हळूच मागे, भिंतीला टेकवून ठेवला.

गिरजाईंचा हात आला तसाच परत गेला, मांडीवर उपडा निजला. जरा वेळ तिथंच राहिला.

“फडकं घेते हं,” त्या म्हणाल्या. “फक्त फडकं.”

मग घेतलं. एका तुकड्यावरच्या मुंग्या फुंकरीनं घालवल्या, तुकडा तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि तोंडात टाकला. दात थोडे उरलेले. बराच वेळ चघळत राहिल्या.

“कधीची ही?”

“मंगळवारची.”

“मंगळवारी तू उपाशी होती?”

“नाही. पोटभर जेवले. पिठलं होतं.”

“मग कोणासाठी, बाई?”

माझीच आहे, असं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं कांचनच्या मनात आलं. पण तोंडाआधी हातच हलला. जमिनीपासून थोडा वर जाऊन थांबला, लहान पोराची उंची दाखवावी तसा. आपल्याच हाताकडे बघून ती दचकली.

“एवढी… त्या चुलीपुढची. एवढी आहे ती.”

“बरं.”

“मी सांगितलं तिला, आई. कितीदा सांगितलं. इथं रोज मिळतं, इथं कुणी मारत नाही. पटतच नाही तिला.”

“कसं पटावं,” गिरजाई म्हणाल्या. “खाल्ली का तिनं?”

“खात नाही. नुसती उशाखाली चाचपून बघते. आहे म्हटल्यावर झोपते.”

कडुनिंबाची सावली ओसरीवरून सरकत पायरीपर्यंत आली होती.

“म्हणजे कविता खोटीच,” कांचन एकदम म्हणाली. “फाडून टाकते ती. आणि मी जाते. नियम मोडला मी. तुम्ही मला जा म्हणायच्या आधी मीच…”

गिरजाई गुडघ्यावर हात देत उठल्या. कोपऱ्यातल्या झोळीत आजची भिक्षा होती. त्यातली वरची भाकर काढली, अजून मऊ होती. खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळली, गाठ मारली. मग चार पावलं अलीकडेच थांबल्या आणि पुरचुंडी तळहातावर धरून उभ्या राहिल्या. कांचननं आपणहून यावं इतक्या लांब.

“आई…” सुंदराबाई हळूच म्हणाल्या. “नियम…”

“उद्यासाठी ठेवायचं नाही, हाच नं नियम?”

“हो.”

“ही कालच्यासाठी आहे.”

सुंदराबाई विचारात पडल्या. मग आत गेल्या, येताना पळसाच्या पानावर मिरचीचा ठेचा घेऊन आल्या आणि पुरचुंडीची गाठ सोडून आत ठेवला.

“कोरडी कशी खाईल लेकरू,” त्या पुटपुटल्या. “आणि उशाखाली नको ठेवू वं. खुंटीला टांग. मुंग्या लागतात.”

कांचननं पुढं येऊन पुरचुंडी घेतली. दोन्ही हातांनी पोटाशी धरली. रडू येईल असं वाटलं होतं, आली ती नुसती उचकी. खालच्या पायरीवर पोचल्यावर ती वळली.

“परवाची दीक्षा, आई?”

“परवाच.”

“आणि… कविता? फाडू?”

गिरजाई पुन्हा खाली बसल्या होत्या. शिळ्या तुकड्यांवरच्या मुंग्या झाडत होत्या, माशांना घालायच्या आधी.

“तिले वाचून दाखव,” त्या म्हणाल्या. “पण आधी वाढ.”