बायजेचे दोन पैसे

डोंगराच्या पोटातल्या एका गावात रामलिंगशेट नावाचा वाणी राहत होता. पुढे दुकान, मागे घर. दुकानाला बारा फळ्या होत्या. प्रत्येकीवर गेरूने आकडा घातलेला. सकाळी तो त्या एकेक करून काढी आणि संध्याकाळी एकेक करून बसवी. घरात माणसे तीन. तो, बायको गौराबाई आणि लग्नाला आलेली मुलगी मैना.

त्या राज्यात तांबे महाग झाले. एक पैसा पाडायला दोन पैशांचे तांबे लागू लागले. राजाने एक पैशाचे नाणे बंद केले. सगळ्यांत लहान नाणे पाच पैशांचे उरले. गावोगाव दवंडी फिरली. पाचाच्या पटीवर एक किंवा दोन पैसे आले, तर दुकानदाराने ते सोडावेत. तीन किंवा चार आले, तर गिऱ्हाइकाने पाच पुरे करावेत. कधी याचे दोन जातील, कधी त्याचे. वर्षाअखेर कुणाचेच नुकसान होणार नाही.

राजाचा हेतू चांगला होता. नियमही सरळ होता. रामलिंगशेट सरळ नव्हता.

तो दोन दिवस तराजूपुढे बसला आणि त्याने सगळे भाव नव्याने लावले. मिठाच्या मापट्याला आठ पैसे. पावशेर तेलाला तेरा. गुळाच्या ढेपेला त्रेचाळीस. कुठलाही जिन्नस घ्या, शेवटी तीन तरी येत, नाहीतर आठ. आठाचे दहा होत, तेराचे पंधरा होत. प्रत्येक वेळी दोन पैसे रामलिंगशेटच्या गल्ल्यात पडत. दोन जिनसांची बेरीज तो करू देत नसे. एका वेळी एक जिन्नस, त्याचे पैसे वेगळे.

बायजा कुंभारीण म्हातारी होती, पण तिची नजर पक्की होती.

"शेट, दोन मापटी मीठ एकदम द्या. सोळा होतील. वरचा एक तुम्ही सोडायचा, पंधरा मी द्यायचे."

"बायजे, शाळा काढलीस की काय? इथे एका वेळी एकच मापटे मिळते."

"बरं, एक द्या. तुमचे वडील मोजून झाल्यावर वर चिमूट टाकायचे. तेवढी तरी टाका."

"वडील गेले. चिमूटही गेली."

बायजा मीठ पदरात बांधून निघून गेली. दुकानात उभी असलेली माणसे हसली. रामलिंगशेटला ते आवडले.

तो म्हणे, "मी कायदा मोडतो का? दाखवा." कुणाला दाखवता येत नसे. तो कायदा मोडतच नव्हता.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी गौराबाईने जेवणासाठी तीन पाट मांडले आणि ती भाताचे पातेले आणायला चुलीकडे वळली. परत आली तेव्हा पाट पाच होते.

"मैना, कोण येणार आहे?"

"कुणी नाही, आई. मी तर आत्ता विहिरीवरून आले."

गौराबाईने दोन पाट उचलून भिंतीला लावले. पाणी वाढायला वाकली, उठली. पाट पुन्हा पाच. आता दोन पाने जास्त होती आणि पानांवर भात वाढलेला होता.

रामलिंगशेट आत आला. भुकेला होता. "असेल काहीतरी," म्हणून जेवायला बसला. तिघे जेवले. कुणी मान वर केली नाही. जेवण झाले तेव्हा ती दोन पानेही रिकामी होती. हात धुवायला तिघे न्हाणीत गेले. शहाबादी फरशीवर ओली पावले उमटली, ती पाच जणांची.

दुसऱ्या दिवशी तसेच झाले. तिसऱ्या दिवशीही. ते दोघे दिसत नव्हते. भांडी आपटत नव्हते, ओरडत नव्हते, कुणाला धरत नव्हते. ते फक्त होते. भर दुपारी, लख्ख उजेडात, दोन पानांवरचा भात हळूहळू कमी होई.

एकदा जेवताना मैना दचकून सरकली.

"काय झाले गं?"

"काही नाही, अप्पा. माझ्या शेजारी जी बसते ना, तिचा हात लागला. फार गार आहे."

गौराबाईने मैनेला आपल्या बाजूला ओढून घेतले.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून राजाचा कारकून आला. तो दुकानादुकानांतून भाव तपासत फिरणार होता. रामलिंगशेट घाबरला. त्या दिवशी त्याने जुने भाव लावले. कुणाचे बारा आले, कुणाचे एकवीस आले, कुणाचे चौदा आले. त्याने कुणाला दोन सोडले, कुणाला एक सोडला, कुणाकडून एक जास्त घेतला. बायजेला त्या दिवशी मीठ नको होते.

त्या दुपारी गौराबाईने तीन पाट मांडले. तीनच राहिले.

तिघांनी पोटभर जेवण केले. मैना कितीतरी दिवसांनी हसली. गौराबाई म्हणाली, "अहो, कळले ना आता? दुकानातले बंद करा. घरातले आपोआप बंद होईल."

रामलिंगशेटला कळले होते. तो मूर्ख नव्हता. तो रात्रभर अंथरुणात आकडे मांडत पडला आणि सकाळी बायकोला म्हणाला, "दोन माणसांचे जेवण दिवसाला सात पैशांचे. दुकानातून वरचे येतात साठ. मैनाचे लग्न करायचे आहे. जेवू दे त्यांना. परवडते."

"परवडते?" गौराबाई म्हणाली. "ती कोण आहेत, कुठून आली आहेत, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही!"

"भाडे देत नाहीत, पण भांडतही नाहीत. पाहुण्यांपेक्षा बरे."

कारकून गावाबाहेर गेला आणि भाव पुन्हा तिनावर आणि आठावर आले. दुपारी पाट पाच झाले.

चार महिने असे गेले. मैनाचे लग्न ठरले. मुलगा नदीपलीकडच्या गावचा, घर चांगले. लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा गौराबाई दुकानात आली. ती सहसा दुकानात येत नसे. ती पायलीवर हात ठेवून उभी राहिली.

"एक विचारायचे होते. मैना सासरी गेली की घरात किती जण?"

"आपण दोघे. आणि ते दोन. चार."

"ते दोन कशाने आले?"

रामलिंगशेटने तराजू उचलला.

"आपण तीन होतो. तिनाचे पाच झाले, म्हणून ते आले. आता आपण दोन उरणार. दवंडी तुम्हीही ऐकली होती. दोन आले तर काय करायचे?"

रामलिंगशेटने तराजू खाली ठेवला आणि वही काढली.  

त्याने त्याच दुपारी जुने भाव लावले आणि गावात निरोप धाडला. ज्याने ज्याने दुकानातून माल नेला, त्याने येऊन आपले पैसे परत न्यावेत. लोकांना खरे वाटेना. पण आले. रामलिंगशेटची वही पक्की होती. कुणाचे किती जास्त घेतले, ते तारखेसकट लिहिलेले होते. त्याने पाचाची नाणी मोजून दिली. पाचाच्या आतले जे उरत, त्याचा गूळ दिला, मीठ दिले, सुपारीचे खांड दिले. दोन दिवस हे चालले. लोक नाणी घेत आणि त्याच्या तोंडाकडे बघत. कुणी म्हणे, "शेट, तब्येत बरी आहे ना?" कुणी म्हणे, "गंगेला जाणार वाटते." तो मान खाली घालून मोजत राहिला. त्याला अशी सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी बायजा आली. दिवे लागायची वेळ झाली होती.

"माझे किती निघतात, शेट?"

"सहा वेळा मीठ. बारा."

त्याने पाचाची दोन नाणी फळीवर ठेवली. बायजेने ती उचलली. पण ती हलली नाही.

"आणि दोन?"

मिठाचे पोते उघडेच होते. मापटे त्यात रोवलेले होते. हात लांबवला की झाले असते.

"दोन पैशांचे मीठ घाला," बायजा म्हणाली. "आज तरी तुमच्या वडिलांची चिमूट पडू दे." आणि ती हसली.

दुकानाबाहेर चार माणसे उभी होती. तीही हसली. मागे ती रामलिंगशेटच्या बोलण्यावर हसत. आज त्याच्यावर हसली.

रामलिंगशेटचे कान तापले. दोन दिवस तो सगळ्या गावापुढे वाकला होता. पाटलापुढे वाकला, सोनारापुढे वाकला. आता कुंभारणीपुढेही वाकायचे? त्याने पोत्याचे तोंड आवळले आणि सुतळीने बांधले.

"बाराचे दहा होतात, बायजे. वरचे दोन सोडायचे असतात. राजाचा नियम आहे, माझा नाही."

बायजेने दोन नाणी पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "बरं. सोडले." आणि काठी टेकत निघून गेली.

लग्न झाले. मांडवात तीनशे माणसे जेवली. त्यांत दोन जास्त होती की नव्हती, ते कोण मोजणार?

मैनाला सासरी नेणारी बैलगाडी दारात आली. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून घरची एखादी वडीलधारी बाई जाते. आत्या जाते, मावशी जाते. आई जात नाही. गौराबाईने नवऱ्याला बाजूला बोलावले.

"सगळ्यांचे पुरते दिलेत ना?"

"दिले."

"बायजेचे?"

"दहा दिले."

"निघत होते किती?"

"बारा."

गौराबाईने कपाळाला हात लावला. "अजून ऊन आहे. मूठभर मीठ घ्या आणि तिच्या दारात नेऊन द्या. मी गाडी थांबवून धरते."

"मी? कुंभारवाड्यात? हातात मीठ घेऊन?" रामलिंगशेट म्हणाला. "मुलीच्या लग्नाच्या दिवशी? व्याही बघताहेत."

"मग मी जाऊन देते."

"माझ्या दुकानातले मीठ माझ्या हुकमाशिवाय जाणार नाही."

 गौराबाई आत गेली, तिने दोन लुगड्यांचे गाठोडे बांधले आणि गाडीत लेकीशेजारी जाऊन बसली. बायका कुजबुजल्या. एक म्हणाली, "अगं, आई जात नाही पाठराखीण!" गौराबाई म्हणाली, "ही जाते." मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्हीही चला. वेशीपर्यंत तरी या."

"मला दुकान आहे," रामलिंगशेट म्हणाला.

गाडी निघाली. बैलांच्या घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. गाडीने वेस ओलांडली तेव्हा आवाज थांबला.

पाहुणे आपापल्या गावी गेले होते. रामलिंगशेटने दुकानाच्या फळ्या बसवल्या आणि तो आत गेला. पलीकडच्या सोनाराने ते पाहिले. आतून भांड्याचा आवाज आला, तोही त्याने ऐकला. मग ऐकला नाही.

सकाळी दुकान उघडले नाही. लोक जमले. फळ्या जागच्या जागी होत्या. पण मोजल्या तेव्हा दहाच भरल्या. अकरा आणि बारा हे आकडे असलेल्या फळ्या कुठेच नव्हत्या. तेवढ्या फटीतून पाटील आत शिरला, मागून सोनार शिरला. स्वयंपाकघरात एक पाट मांडलेला होता. पुढे पान होते. पानावरच्या भाताची वाफ अजून निघत होती. चुलीतली राख मात्र गार होती.

मागचे दार आतून लावलेले होते. न्हाणीची फरशी कोरडी होती. स्वयंपाकघरात शेटची पावले आत आलेली दिसत होती. परत गेलेली नव्हती.

पाटलाने विचारले, "काल गाडी गेल्यावर घरात किती माणसे उरली होती?"

"एक," सोनार म्हणाला.

 एक उरला तर त्याचे काय करायचे, ते सगळ्या गावाला पाठ होते.

पाच दिवसांनी गौराबाई परत आली. तिने कुणाला काही विचारले नाही. फटीतून आत गेली, मिठाच्या पोत्याची सुतळी सोडली, मूठ भरली आणि तशीच कुंभारवाड्यात गेली. बायजेने ओंजळ पुढे केली. मीठ घेतले. दोघी थोडा वेळ उंबऱ्यावर बसल्या.

त्या संध्याकाळी गौराबाईने फळ्या बसवल्या. बारा भरल्या.

दुकान आजही चालू आहे. कुणाचे दोन सुटतात, कुणाकडून दोन येतात. मोजून झाल्यावर गौराबाई वर चिमूट टाकते. दुपारी ती एक पाट मांडते, पाठ फिरवते आणि वळून बघते. एकच असतो. मगच ती जेवायला बसते.

तात्पर्य: दुसऱ्याचे हक्काचे थोडेसे आहे म्हणून जो ते हिशेबातून सोडून देतो, त्याने ध्यानात ठेवावे की मोठ्या हिशेबात तो स्वतःही थोडासाच आहे.