धुळाई आणि ओढ्यातला बाशिंग्या

फार वर्षांपूर्वी, माणसं मेंढरांना नावानं हाक मारायची आणि मेंढरंही ती हाक मनावर घ्यायची, तेव्हाची ही गोष्ट.

माळावर करंजवाडी नावाची धनगरांची वाडी होती. अजूनही आहे. वाडीच्या मावळतीला ओढा वाहतो, आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठावर काळे दगड पसरलेत, सगळ्या अंगावर बारीक खड्डे पडलेले. ओढ्याच्या मधोमध, वाहत्या पाण्यात, आणखी एक मोठा दगड आहे. त्याच्या कपाळावर पांढरी रेघ आहे. मात्र करंजवाडीत जाऊन त्याला दगड म्हणू नका, भाकरीला मुकाल. त्याचं नाव बाशिंग्या. पण बाशिंग्याची गोष्ट सांगायची तर आधी धुळाईची सांगावी लागते.

धुळाईचा नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता ही बाई मेंढरं विकणार. धुळाईनं नवऱ्याची घोंगडी खांद्यावर टाकली, त्याची काठी उचलली आणि कळपापुढं चालू लागली. तिची मेंढरं इतकी काळी आणि इतकी दाट होती, की ती डोंगर उतरू लागली की खालची माणसं वर ढग शोधायची, असं म्हणतात. दसरा झाला की ती घाट उतरून कोकणात जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची.

त्या वर्षी निघताना तिची लेक बाणी तापानं फणफणली होती. धुळाईनं तिला आत्याजवळ ठेवलं. जनाई आत्या म्हणजे धुळाईची नणंद, तोंडानं फटकळ पण मायेची. बाणीनं एकच हट्ट केला, कपाळावर पांढरी रेघ असलेल्या बाशिंग्या मेंढ्याला ठेवून जा म्हणून. बाशिंग्याची आई तो जन्मला तेव्हाच मेली होती, आणि बाणीनं दुधात बोट बुडवून त्याला वाढवलं होतं. पण आता तो कळपाचा म्होरक्या झाला होता. म्होरक्या मागं ठेवून कळप कसा हलणार? बाशिंग्या गेला. जाताना प्रत्येक वळणावर मागं बघत गेला.

परतीच्या वाटेवर, घाट चढून झाल्यावर, एका मेंढीनं चारा सोडला. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुळाईनं कानाला हात लावला तर कान तापलेला. मग तिनं मेंढीची शेपटी उचलून पाहिली. जिथं लोकर नसते तिथं, शेपटीखाली आणि जांघेत, लाल पुरळ उठलं होतं. माणसांना देवी यायच्या तशा मेंढरांनाही येतात. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, लोकरीतून, खपलीतून, माणसाच्या घोंगडीतूनसुद्धा त्या चालत जातात. धुळाईच्या सासूच्या काळात पाहुण्या कळपाबरोबर त्या अशाच वाडीत शिरल्या होत्या, आणि पुढं कितीतरी दिवस वाडीत एकही कोकरू ओरडलं नव्हतं. सासू ती शांतता सांगायची तेव्हा तिचा आवाज बसायचा.

धुळाई ओढ्याशी आली तेव्हा अलीकडच्या काठावर सगळी वाडी जमली होती. कळप परत आला की घोंगड्या अंथरायच्या, आलेल्यांना त्यांवर बसवायचं, आणि आलेली मेंढरं घरच्या मेंढरांत सोडायची, ही करंजवाडीची रीत. आत्याच्या पायांशी यंदाची कोकरं उड्या मारत होती. बाणी पाण्यात पाय घालून उभी होती.

धुळाईनं पलीकडच्या काठावर काठी रोवली आणि तिथंच बसली.

"आई, येऊ का?" बाणीनं विचारलं.

"आज न्हाई," धुळाई म्हणाली, आणि काय झालंय ते तिनं ओरडून सांगितलं.

येताळा कारभारी वाडीत सगळ्यांत जुना. त्याला हे रुचलं नाही. "देवी आलीया आन तू तिला उन्हातान्हात भाईर बसवतीस? देवळाम्होरं आण मेंढरं. वटी भरू, निवद दावू."

"कारभारी, पावणी माझ्याकडं आलीया," धुळाई म्हणाली. "घरात पावणी असताना बाईमाणसानं घर सोडून जायाचं असतं का? ती तिच्या पायानं जाईस्तवर मी हितनं उठत न्हाई."

कारभाऱ्यानं दाढी खाजवली. देवीचा मान राखून देवीलाच अडवणारी बाई त्यानं आजवर पाहिली नव्हती. तो म्हणाला, "मग आमी तरी काय करू?"

"तुमची मेंढरं वरल्या अंगाला पाजा. माझ्या काठावरचं कायबी तिकडं नेऊ नका. आन भाकरी फडक्यात नगं, पळसाच्या पानात बांधा. पान माघारी द्यावं लागत न्हाई."

मग रोज जनाई आत्या पळसाच्या पानात भाकरी बांधायची आणि गोफणीत घालून पलीकडे भिरकवायची. एकही भाकरी पाण्यात पडली नाही, असं म्हणतात. पण त्या वर्षी ओढ्यातले मासे फार गुबगुबीत झाले होते, असंही म्हणतात.

धुळाई पलीकडे दिवसभर राबायची. कडुनिंबाच्या पाण्यानं फोड धुवायची, हळद आणि तेल लावायची, तोंडं सुजलेल्या मेंढरांना कोवळा पाला हातानं भरवायची. गळून पडलेली लोकर आणि खपल्या वेचून जाळायची. जी मेली त्यांना तिनं खोल पुरलं आणि प्रत्येकीवर एक दगड ठेवला. ठेवताना ती दगडावरून अशी हात फिरवायची, की जणू तो मेंढीचीच पाठ आहे. त्या दगडांनाही मग व्रण पडले, असं म्हणतात.

आणि रोज दिवस कलला की ओढ्यावर धुकं उतरायचं आणि त्यातून बाणीचा आवाज यायचा. "आई, येऊ का?"

"आज न्हाई."

हे दोन शब्द म्हणण्यासाठी धुळाईला सगळ्या दिवसाचं बळ राखून ठेवावं लागायचं. म्हणून झाले की ती मेंढरांत जाऊन झोपायची, आणि स्वप्नात रोज ओढा कोरडा असायचा.

बाशिंग्याला देवी शेवटी आल्या. त्याचे डोळे सुजले, ओठांवर खपल्या धरल्या. तो धुळाईच्या हातचा पाला खाईना, मान वळवून अलीकडच्या काठाकडे बघत राहायचा. एका संध्याकाळी धुक्यातून हाक आली, "आई, येऊ का?", आणि धुळाईनं तोंड उघडायच्या आत बाशिंग्या उठला. त्याला वाटलं हाक त्यालाच आहे. तो धावत जाऊन पाण्यात शिरला.

धुळाई त्याच्या मागं धावली. तिनं शिट्टी घातली, नाव घेतलं, काठी आपटली. पण दुधात बोट बुडवून भरवणारीची हाक ऐकल्यावर त्याचे कान बाकी जगाला बहिरे होते. धुळाई पाण्यात पडली, उठली, पुन्हा पडली. तो मधापर्यंत पोचला. समोर अलीकडच्या काठाशी बाणी होती आणि बाणीच्या मागं आत्याची कोकरं. आणखी थोडी पावलं, की तो पोरीच्या गळ्यात पडणार आणि पोरीच्या अंगावरून देवी कोकरांत जाणार. धुळाईला सासूचा बसलेला आवाज आठवला. ती पाण्यात गुडघ्यांवर बसली.

बाणीनं दोन्ही हात वर केले. तिचा चेहरा रडवेला होता, पण आवाज हुबेहूब आईचा निघाला.

"बाशिंग्या, आज न्हाई."

बाशिंग्या थांबला. त्यानं एक पाऊल उचललं होतं, ते त्यानं हळूच खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. धुळाईला त्या क्षणी स्वतःच्याच शब्दाचा राग आला. आपण पोरीला काय शिकवून ठेवलं, असं वाटून तिला हुंदका आला. पाण्यावरून दाट धुकं आलं. धुकं उठलं तेव्हा ओढ्याच्या मधोमध, कपाळावर पांढरी रेघ घेऊन, बाशिंग्या होता तसाच उभा होता. फक्त आता पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून जात होतं.

चंद्र भरला, सरला आणि पुन्हा भरला. उरलेल्या मेंढरांच्या खपल्या गळाल्या, खाली नवी लोकर मखमलीसारखी उगवली. धुळाईनं नवऱ्याची घोंगडी जाळली, अंगभर पाणी घेतलं आणि काठावर येऊन उभी राहिली. या वेळी तिनं विचारलं.

"बाणे, येऊ का?"

बाणी बाशिंग्याकडे बघत राहिली. कारभारी काही बोलणार होता, पण आत्यानं त्याचं मुंडासं ओढलं. खूप वेळानं बाणी म्हणाली, "ये, आई."

धुळाई आली. पाठीमागून मेंढरं आली, आणि वाडीतलं एकही कोकरू दगावलं नाही. बाणी आईच्या कुशीतून सुटून पुन्हा पाण्यात गेली, बाशिंग्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "चल रं, आता ये." तो आला नाही. दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा सांगितलं. म्हातारी होईपर्यंत दर वर्षी सांगत राहिली.

करंजवाडीत आजही कोकणातून परतलेला कळप पलीकडच्या काठावर, त्या खड्ड्याखड्ड्यांच्या दगडांपाशी थांबतो. मेंढरं धडधाकट असली तरी थांबतो. कुणी घोंगडी अंथरत नाही. पळसाच्या पानात बांधलेल्या भाकरी गोफणीनं जातात आणि मासे आजही वाट बघत असतात. रोज संध्याकाळी पलीकडून पिकल्या मिशांचे बाप्ये विचारतात, "येऊ का?" आणि अलीकडून वाडीतलं सगळ्यांत धाकटं बोलकं पोर उत्तर देतं, "आज न्हाई." त्या पोराचा शब्द कारभाऱ्यालाही मोडता येत नाही. चंद्र एकदा सरून पुन्हा भरला, की तेच पोर म्हणतं, "या."

मग सगळे ओढा ओलांडतात. ओलांडताना जो तो बाशिंग्याच्या कपाळाला भंडारा लावतो आणि कानात सांगतो, "चल रं, आता ये." तो दर वर्षी तिळाएवढा अलीकडे सरकतो, असं म्हणतात. कुणी मोजायला जात नाही. पण अलीकडच्या काठावर, बाणी उभी राहायची तेवढ्या जागेत, करंजवाडीनं आजवर काही बांधलेलं नाही, काही पेरलेलं नाही. ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे.