गादी मऊ आहे

“म्हणजे आम्ही भाग्यवान नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

यशोधनचा आवाज जरा चढलाच. नीरेकाठच्या त्या लहानशा मठात तो वर्षानुवर्षं येत होता, पण केशवगिरी महाराजांशी असा कधी बोलला नव्हता.

“मी कुठे काय म्हणालो?” महाराज म्हणाले. “तूच बोलतोयस.”

बोलत तोच होता. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चाळीस माणसांचा तो प्रमुख. त्याच्या वडिलांचा जन्म ओतशाळेच्या भट्टीपुढे गेला. त्यांच्या हातांवरचे भाजल्याचे डाग त्याने लहानपणापासून पाहिले होते. त्यामुळे गार खोलीत, खुर्चीत बसून भरघोस पगार घेणाऱ्यांनी कुरकुर केली, की त्याचं डोकं फिरे.

गेल्या आठवड्यात रेवणने कुरकुर केली. सोलापूरकडचा, हुशार, एरवी खाली मान घालून काम करणारा. भर मीटिंगमध्ये म्हणाला, “सर, सुट्टीच्या दिवशीही फोन हातातून सुटत नाही. आता होत नाही.”

यशोधनने सगळ्यांसमोर त्याला सुनावलं. “इतका पगार, हवं तेव्हा घरून काम, ऑफिसात चहा-कॉफी फुकट. दुखतंय काय तुला? नशीबवान आहेस, गप बस.”

रेवण गप बसला. सोमवारी त्याचा राजीनामा आला.

“माझं काय चुकलं, महाराज? तुम्हीच सांगा. आम्ही भाग्यवान आहोत की नाही?”

“आहात की!” महाराज उठले. “ये, इथे बस.”

त्यांनी स्वतःच्या गादीकडे बोट केलं.

यशोधन संकोचला, पण मनातून सुखावला. मांडी घालून बसला. गादी मऊ होती. नदीवरून वारा येत होता. कुणीतरी ताकाचा पेला आणून ठेवला.

“मी येईपर्यंत हलायचं नाही,” असं बजावून महाराज बागेत गेले.

…

ऊन ओसरीवरून खाली उतरलं, तरी महाराज आले नाहीत. यशोधनच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग कळ आली, मग पाय आहे की नाही तेच कळेना. पण तो हलला नाही. हार मानणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

महाराज मातीचे हात धुऊन आले.

“कसं काय?”

“छान.”

“गादी?”

“मऊ आहे.”

“आणि पाय?”

“पाय… गेलाय, महाराज.”

“गादीत काही खोट?”

“नाही.”

“मग पाय खोटं बोलतोय?”

यशोधनला मीटिंगमधला रेवणचा चेहरा आठवला. बोलता बोलता तो आणखीही एक वाक्य म्हणाला होता: “पगाराबद्दल माझी तक्रारच नाही, सर.” ते वाक्य तेव्हा यशोधनच्या कानावर पडलं होतं, पण त्याने ते ऐकलं नव्हतं.

तो उठायला गेला आणि कोलमडला. महाराजांनी त्याला धरून पुन्हा बसवलं. मग स्वतः खाली, जमिनीवर बसले आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन चोळू लागले.

“महाराज! पाय नका धरू माझे!” तो ओरडलाच.

त्यांनी पाय सोडला नाही.

…

पायात जरा जीव आल्यावर त्याने विचारलं, “उद्या रेवणच्या घरी जातो. पण त्याला म्हणू काय? की तू भाग्यवान नाहीस?”

“भाग्यवान आहेच तो.”

“मग काय बोलू त्याच्याशी?”

महाराजांचा अंगठा त्याच्या पोटरीवर थांबला.

“इथे दुखतंय, की जरा वर?”