आवडाईची बाज

पाव्हणं, बोट नका दाखवू. मूठ मिटून दाखवा. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो झडतो, असं आमच्या माचीवर मानतात. तुम्हाला हसू येईल, पण एवढं आमच्यासाठी करा. आणि पायथ्याशी त्या बाईनं तुमच्या हातात मूठभर गाळ दिलाय, तो टाकू नका. तो कशाला, ते सांगतो.

हे देवळामागचं दगडी आळं बघा. एका बाजेएवढं आहे. दोन माणसं निजली तर तिसऱ्याला जागा नाही. एवढ्याशा मातीत दरसाल एकच वेल लावतात, वेलावर एकच भोपळा ठेवतात, आणि तो चार गडी लागल्याशिवाय उचलत नाही. याला आवडाईची बाज म्हणतात. मी शिकलेला नाही. आज्याकडून ऐकलं तसं सांगतो.

फार मागं या माचीवर बेचाळीस चुली होत्या आणि माती भरपूर होती, म्हणे. त्यात इथं देवळामागं आवडाई नावाची एक विधवा बाई राहायची. तिचा एकुलता लेक सदू. कामाचा, पण जरा आपल्याच नादातला. घरामागच्या बाजेएवढ्या तुकड्याला तो दगडाचा ताल, म्हणजे माती अडवणारा बांध, घालत बसायचा. लोक म्हणायचे, "सदबा, बाजेला भिंत घालतोस व्हय? ढेकणं पळून जातील म्हणून?" तोही हसायचा आणि पुढचा दगड बसवायचा.

मग एका आषाढात सात दिवस पाऊस उघडला नाही. आठव्या दिवशी माचीची माती दरीत गेली. सदू गुरं सोडवायला गेला होता, तोही मातीबरोबर गेला. सापडला नाही. सगळीकडं उघडा कातळ. माती राहिली ती त्याच्या तालाआड, तेवढीच.

माणसांनी खालच्या गावात मजुरी करून वरीस काढलं. चैत्रात सगळे देवळापुढं बसले आणि गाव उठवायचं, माची सोडून जायचं ठरलं. पण गाव उठवायचीही रीत होती, असं सांगतात. इथल्या मातीतलं एकच फळ देवळातल्या आईपुढं फोडायचं आणि प्रत्येक चुलीला त्याचा वाटा द्यायचा. एक जरी चूल राहिली, तरी आई जाऊ देत नाही. आता बेचाळीस चुलींना पुरेल असं फळ यायचं कुठून? माती तर एकट्या आवडाईकडं.

गावचा म्हातारा कारभारी धोंडजी तिच्या दारात आला. "वहिनी, मागायला तोंड नाही. पण आम्हाला जायला एक भोपळा लावून द्या."

आवडाईला जायचं नव्हतं. लेकाचं म्हणून तिच्यापाशी तो ताल तेवढा उरला होता, आणि ताल काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही.  तरी ती म्हणाली, "लावते. लावला तर खोटा लावणार नाही."

अक्षय्य तृतीयेला तिनं बी टोचलं. वेल बाजेत मावेना, कातळावर पसरला. भोपळ्याच्या वेलाला पेरापेराला मुळं सुटतात, पण कातळात ती शिरणार कुठं? आवडाई घरोघर गेली. "तुमच्या दारावरून वेल जाईल. पेराखाली माती घाला." माणसं खालच्या ओढ्यातला गाळ पाट्यांनी वर वाहू लागली. मागच्या पावसानं शहाणी झालेली माणसं ती. ज्यानं त्यानं आपल्या मातीभोवती सदूसारखा ताल घातला. आता कुणी हसलं नाही. वेल बेचाळीस दारांवरून गेला, असं सांगतात.

फळं धरली. एक मोठं करायचं तर बाकीची खुडावी लागतात. आवडाई एकेक खुडताना म्हणायची, "माफ कर, बाबा." राहिलेल्या एकाखाली तिनं पेंढा घातला, उन्हाला लुगड्याची सावली धरली. भोपळा रोज वाढायचा, आणि जायचा दिवस रोज जवळ यायचा.

शेजारची गोजरा तिला म्हणाली, "मावशे, तुला जायचं नाही ना? मग एक बोट दाखव आन मोकळी हो. झडला तर गाव कुठं उठतंय?"

आवडाईचा हात उठला, म्हणे. अर्ध्यावर आला. मग तिनं मूठ मिटली. "एक पावसानं नेला. दुसरा मी घालवू होय गं?"

दसऱ्याला आठ गड्यांनी भोपळा देवळापुढं आणला. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, त्याला पहिला घाव बाईनं घालायचा नाही, अशी सगळीकडं रीत. धोंडजीनं कोयता उचलला आणि खाली ठेवला. दुसऱ्यानं उचलला, त्यानंही ठेवला. घाव बसला की गाव संपलं. तो घाव कुणाला घालवेना.

"वहिनी, हात उचलत न्हाई," धोंडजी म्हणाला.

आवडाई उठली. "थोरला लेकच ना? मग तो माझा. आणा इकडं." तिनं भोपळ्यावरून एकदा हात फिरवला आणि कोयता घातला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, म्हणे. बेचाळीस वाटे केले. आपला शेवटी घेतला.

माणसं वाटे घेऊन घरी गेली. बोचकी बांधून तयार होती. गोजरानं दारात बसून फोडीतलं बी काढलं आणि दोन बिया दारातल्या मातीत दाबल्या.

नवरा ओरडला, "अगं ए, जायचं हाय ना आपल्याला?"

"हाय की. पर एवढी माती उपाशी ठिवून जाऊ व्हय?"

 नवऱ्यानं आपल्या दारातल्या मातीकडं बघितलं, मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. अख्खा पावसाळा तिच्यावरून गेला होता आणि पाटीभरसुद्धा हलली नव्हती. त्यानं खाली बसून बोचक्याची गाठ सोडली. बाकीच्यांनी ते बघितलं. त्या दिवशी माची सोडून कुणी गेलं नाही.

आजही अक्षय्य तृतीयेला घरटी एक पाटी गाळ वर येतो. आजही दसऱ्याला भोपळा फोडतात, पण पहिला घाव माचीवरच्या सगळ्यांत थोरल्या बाईनं घालायचा. गेल्या साली तो मान माझ्या म्हातारीचा होता. ती आधी हात फिरवत बसली, आम्ही सगळे थांबलो. घाई कुणी करत नाही.

आणि जो कुणी वर येतो, तो रिकाम्या हातानं येत नाही. या, असे बाजेजवळ या. आता मूठ उघडा.